चालवणाऱ्याची झोप

ईद असो, लग्न असो की उन्हाळ्याची सुट्टी, सफरीची तयारी आपल्या घरांत दोन दिवस आधीच सुरू होते. खिमा-पराठ्यांचे डबे, मुलांचे कपडे, बुजुर्गांची औषधे, जानमाज, पाण्याचा कॅन, सगळे आठवणीने भरले जाते. एका गोष्टीची तयारी मात्र राहून जाते. ती म्हणजे गाडी चालवणाऱ्याची झोप.

आम्ही मुंब्र्याला राहतो. गाव खेड तालुक्यात, एक बहीण पुण्याला आणि दुसरी नागपूरला. त्यामुळे तीन महामार्ग आमच्या चांगल्या ओळखीचे झाले आहेत. गाडी बहुतेक वेळा भाचा चालवतो. तो दिवसभर दुकानात उभा असतो, रात्री दहाला घरी येतो, जेवतो आणि अकराला स्टिअरिंगवर बसतो. पनवेल येईपर्यंत बाकी सारे झोपलेले असतात. सात जिवांची अमानत ज्याच्या हाती, तोच एकटा जागा.

पुण्याचा द्रुतगती मार्ग सर्वांत सोपा. जेमतेम ९५ किलोमीटर, आणि वाटेत मोठे फूड मॉल. भरपूर उजेड, रात्रभर वर्दळ, बायकांसाठी वेगळी स्वच्छतागृहे. वुजू आणि चहा दोन्ही होतात. पण शनिवार-रविवारी गर्दी इतकी की दार उघडायला जागा नसते, आणि हॉर्नच्या आवाजात डोळा लागत नाही. झोपायचेच असेल तर खाण्याच्या दुकानांपासून लांब, पण दिव्याखाली गाडी लावावी.

समृद्धी महामार्गाचे गणित वेगळे. नागपूर ते आमणे ७०१ किलोमीटर, जून २०२५ पासून पूर्ण खुला. रस्ता गुळगुळीत आणि सरळ, आणि धोका तिथेच आहे. ना वळण, ना खड्डा, ना गाव. डोळे उघडे असतात, पण मन झोपू लागते. ठरावीक ठिकाणांखेरीज बाहेर पडता येत नाही, म्हणून झोप आल्यावर जागा शोधू म्हणून चालत नाही. आमचा नियम असा, की दर दोन तासांनी, टाकी भरलेली असली तरी, उजेड आणि माणसे असलेल्या पंपावर थांबायचे. रस्त्याच्या कडेला गाडी लावून झोपायचे तर कधीच नाही. मागून भरधाव येणाऱ्या ट्रकचालकालाही डुलकी लागलेली असू शकते.

गोवा महामार्गावर घाट आणि अडथळे आहेत, पण वस्ती सोबत असते. वडखळ, माणगाव, महाड, पोलादपूर, एकामागून एक नाके येतात. रात्री उघडी हॉटेले मिळतात. वाटेतल्या मशिदीच्या आवारात गाडी लावायची असेल तर आधी मुअज्जिनसाहेबांना विचारावे. डोळे जड झाले असतील तर कशेडीच्या अलीकडेच थांबावे. घाट उतरून थांबू, हा विचार झोपेचा असतो, शहाणपणाचा नव्हे.

शेरशहा सूरीने सोळाव्या शतकात आपल्या सडकेवर ठरावीक अंतराने सराया बांधल्या. मुसाफिराला पाणी, निवारा आणि पहारा लागतो, हे त्याने ओळखले होते. आजही थांब्याची पारख तशीच करावी. इथे उजेड आहे का? कोणी जागे आहे का? रात्री दोन वाजता घरातली मुलगी इथल्या स्वच्छतागृहात निर्धास्त जाऊ शकेल का? वेळ आली तर गाडी सरळ बाहेर काढता येईल का? बिर्याणी कशी मिळते, हा प्रश्न त्यानंतरचा.

आता गाडीतल्या झोपेविषयी. इंजिन बंदच ठेवावे. एसीसाठी ते चालू ठेवून काचा मिटून झोपणे जिवावर बेतू शकते. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेल्याला जाग येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातल्या वडकरा इथे उभ्या कॅरव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत सापडले. जनरेटरमधून निघालेला हाच वायू आत शिरला होता. डासांची अगरबत्तीही गाडीत लावू नये. दोन बाजूंच्या काचा बोटभर खाली घ्याव्यात आणि त्यावर जाळीचे कापड अडकवावे. दारे आतून बंद, हँडब्रेक ओढलेला, किल्ली हाताशी, दागिने नजरेआड. कुठे थांबलो आहोत ते घरी कळवावे, आणि एक मोठे माणूस जागे राहावे. मदतीसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक मुलांनाही पाठ असावेत.

रात्री दोन ते पहाटे पाच ही वेळ सर्वांत नाजूक. तेव्हा शरीरच झोप मागते. तोंडावर पाणी मारणे, मोठ्याने कव्वाली लावणे हे उपाय काही मिनिटांचे. चहाचा अंमल चढायलाही अर्धा तास लागतो. म्हणून चहा पिऊन वीस मिनिटे सीट मागे करून पडावे. उठल्यावर लगेच गाडी सुरू न करता पाच-दहा मिनिटे पाय मोकळे करावेत.

हे सारे आमच्या भाच्याला ठाऊक आहे. अडचण माहितीची नाही, लाजेची आहे. मागे एकदा माणगावजवळ तो हळूच म्हणाला, "मामू, जरा थांबूया का?" मागून कोणीतरी बोलले, "आता काय, दोन तासांत घर. तरणाबांड पोरगा तू, दमलास?" तो गप्प झाला. तेव्हा अम्मी म्हणाल्या, "थांब बेटा. घर कुठे पळून जात नाही." पुढच्याच पंपावर तो वीस मिनिटे झोपला. आम्ही बाहेर उभे राहून चहा प्यालो. फजरला गावी पोहोचायचे होते, थोडा उशीर झाला, इतकेच.

चालवणारा स्वतःहून क्वचितच थांबतो. सगळे घाईत आहेत असे त्याला वाटत असते, आणि पोराने झोप मागणे आपल्याकडे कमीपणाचे समजतात. म्हणून "थांब" हा शब्द मागच्या सीटवरून यायला हवा, तोही घरातल्या मोठ्यांकडून. पुढच्या सफरीला निघताना डबे आणि पिशव्या मोजाल, तेव्हा त्याला एवढे जरूर विचारा: काल रात्री किती तास झोपलास? उत्तर चार-पाच तास आले, तर सामान तसेच राहू द्या आणि सकाळी निघा.