मागच्या दाराची काच

होस्टेलच्या खिडकीला क्रिकेटचा बॉल लागला की काचेचे सुऱ्यासारखे लांब तुकडे होतात. खिडकीत ते खपून जातं, गाडीत नाही. गाडीची काच कधीतरी फुटणार हे धरूनच ती बनवतात. टफन्ड काच सुमारे ६५० अंशांपर्यंत तापवून हवेच्या झोतांनी एकदम थंड करतात. त्यामुळे तिच्या पृष्ठभागावर कायमचा दाब राहतो आणि फुटलीच तर खडीसाखरेसारखे बोथट खडे होतात. लॅमिनेटेड काच म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा. तुकडे त्यालाच चिकटून राहतात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सेफ्टी ग्लास सक्तीची आहे. समोरची काच लॅमिनेटेडच हवी हे नंतरच्या दुरुस्तीत आलं, कारण टफन्ड काच तडकली की क्षणात पांढरी होते आणि समोरचा रस्ताच गायब!

आमच्या आजोबांची फियाट मात्र १९६८ ची, कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातली. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा आजोबांनी ह्याच गाडीतून जखमींना लातूरला नेलं. दिवसभर खेपा चालू होत्या. त्या धावपळीत मागच्या दाराची काच फुटली. पुढे औशातल्या एका फोटोफ्रेमवाल्यानं दुसरी काच कापून बसवली आणि पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून त्या काचेला हात लावायची कुणाची हिंमत नाही.

पण अहमदपूर, लोहा करत नांदेडला येताना माझी सात वर्षांची चुलतबहीण त्याच काचेला डोकं टेकून झोपते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी तपासायला बसले.

आधी कोपऱ्यातला शिक्का. बाकी दारांच्या काचांवर अंधुक ‘टफन्ड’ दिसलं, हिच्यावर काहीच नाही. शिक्का घासून जाऊ शकतो, म्हणून काच अर्धी खाली करून वरची कड बघितली. लॅमिनेटेड असती तर कडेला मधोमध रेघ दिसली असती. ती नव्हती. मग संध्याकाळी काचेमागे लॅपटॉपचा पांढरा स्क्रीन धरला आणि काकाचा पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर हळूहळू फिरवला. स्क्रीनचा उजेड पोलराइज्ड असतो, आणि टफन्ड काचेत अडकलेला ताण अशा उजेडात डाग-पट्ट्यांसारखा दिसतो. पुढच्या दाराच्या काचेत ढगाळ ठिपके मस्त दिसले. मागची काच कोरी! साधी खिडकीची काच.

आजोबा म्हणाले, “तीस वर्षं झाली, काही झालंय का तिला? तुमच्या इंग्लिश शाळेत हेच शिकवलं का?”

मी म्हटलं, “आजोबा, तुम्ही स्वतः बघा.” गॉगल लावून ते दोन्ही दारांपुढे बराच वेळ उभे राहिले. मग आत गेले. रात्री जेवताना एकदम म्हणाले, “काढा. पण फोडायची नाही.”

फोडून चालणारही नव्हतं. टफन्ड काच बनल्यावर कापता येत नाही. हिरकणी फिरवली की सगळीचा चुरा होतो. माप, कडा, भोकं, सगळं भट्टीत जायच्या आधी. त्यामुळे साचा जुन्या काचेवरूनच घ्यायचा होता. पुठ्ठा आजोबांनीच कापला, मला कात्रीही धरू दिली नाही. नवी काच आल्यावर त्यांनी आधी कोपऱ्यातला शिक्का चष्मा लावून वाचला. जुनी काच त्यांच्या धोतरात गुंडाळून कपाटात उभी आहे.