अमळनेरची शाळा आणि आमचे कुलूपबंद कपाट

नववीची सहल कुठे न्यायची यावर आमच्याकडे दरवर्षी वाद होतो. मुलांना वेरूळ-दौलताबाद हवे असते, पालकांना खर्च कमी हवा असतो. यंदा आम्ही अमळनेरचे नाव घेतले तेव्हा मुलांचे चेहरेच उतरले. ‘‘तिथं काय आहे?’’ ‘‘एक शाळा आहे.’’ वर्ग खो खो हसला. शाळेतून सुटायचे आणि पुन्हा शाळाच बघायला जायचे!

जळगावहून सकाळची पॅसेंजर धरली. पाळधी गेले, धरणगाव गेले. डिसेंबरचे दिवस, शेतांत कपाशीची वेचणी चाललेली. डब्यात बसल्या बसल्या आम्ही मुलांना विचारले, अभ्यासाबाहेरचे तुमचे आवडते पुस्तक कोणते? दोघा-तिघांनी मुंबईहून निघणाऱ्या ‘गुल बूटे’ मासिकाचे नाव घेतले. एका मुलीने ‘मिरातुल उरूस’ सांगितले. अकबरी-असगरीची गोष्ट तिला नानीने वाचून दाखवली होती. डेप्युटी नजीर अहमद साहेबांनी ते पुस्तक आपल्या मुलींना वाचता यावे म्हणून लिहिले आणि ते १८६९ साली छापून आले, हे ऐकून तिला मोठी गंमत वाटली.

‘‘आणि मराठीतलं?’’ डबा गप्प. शेवटी खिडकीजवळचा एक मुलगा म्हणाला, ‘‘मराठीचं गाइड.’’ सगळे हसले. आम्हीही हसलो, पण ते हसू काही खरे नव्हते. उर्दू माध्यमाच्या या मुलांना मराठी आम्हीच शिकवतो. बाजारात ही मुले फाडफाड मराठी बोलतात, पण पुस्तकाचे एक पान मोठ्याने वाचायला सांगितले की घाम फुटतो. आणि दहावीनंतर तलाठ्याचे कार्यालय असो, पोलीस भरती असो की कॉलेजचा फॉर्म, सगळीकडे मराठीशीच गाठ आहे.

अमळनेर हे बोरी नदीकाठचे गाव. विप्रो कंपनीचा जन्म इथला. १९४५ साली मुहम्मद हुसेन हाशम प्रेमजींनी इथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला, हे सांगताच मुलगे एकदम ताठ बसले. पुढे बराच वेळ त्यांचे बोलणे त्याच विषयावर चालले होते. आम्ही त्यांना ओढतच प्रताप हायस्कूलकडे नेले.

रविवार असल्याने शाळा बंद होती. वर्ग बघायला मिळाले नाहीत, म्हणून मुलांना सावलीत बसवले आणि सांगायला सुरुवात केली. १९२४ साली पांडुरंग सदाशिव साने नावाचे एक तरुण मास्तर या शाळेत लागले. तेच पुढे साने गुरुजी झाले. बाहेरगावच्या मुलांचे वसतिगृह त्यांच्याकडे होते. मुले वर्गात गेली की हे मास्तर त्यांच्या खोल्या आवरून ठेवायचे आणि आजारी मुलाची आईसारखी सेवा करायचे. रात्री बसून ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढायचे, म्हणजे मुलांना सकाळी ते वाचायला मिळे. पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिकही सुरू केले. १९३० मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले, तुरुंगात गेले. ‘श्यामची आई’ लिहिली तीही नाशिकच्या तुरुंगातच, १९३३ साली.

‘‘रोज? हातानं?’’ एका मुलीचा विश्वास बसेना. आम्हाला आठवड्याचा फळा बदलायचा कंटाळा येतो, हे तिला चांगलेच ठाऊक असावे.

पुस्तक सोबत होते. वाचायला त्या गाइडवाल्यालाच उभे केले. आंघोळीनंतर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम आईला पदर पसरायला लावतो आणि आई त्याला मनाच्या मळाबद्दल सांगते, तो प्रसंग. जोडाक्षरांवर तो अडखळत होता, मध्येच थांबत होता. तेवढ्यात मागून एक जण बोलला, ‘‘वजू करून आल्यावर आपणही असेच टाचांवर चालतो की!’’ त्यानंतर दोन पाने कुणी हलले नाही.

मग आम्ही सांगितले की याच गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृति’ नावाचे पुस्तक लिहिले आहे आणि त्यात हजरत मुहंमद (स.) यांचे चरित्र मोठ्या आदराने मांडले आहे. मुले एकमेकांकडे बघू लागली. ‘‘आपल्या शाळेत आहे का ते?’’

आहे. कपाटात आहे. आणि कपाटाला कुलूप आहे. पुस्तक हरवले तर भरपाई कुणी द्यायची, या भीतीने आम्ही शिक्षकांनीच किल्ली कार्यालयात ठेवून दिली आहे. दोष मुलांचा नाही, शासनाचाही नाही. ते पुस्तक आम्ही स्वतः वाचले तेही चाळिशी उलटल्यावर. परतीच्या गाडीत आम्ही दोघे शिक्षक एकमेकांशी फारसे बोललो नाही.

आता दर शनिवारी मधल्या सुट्टीत कपाट उघडते. व्हरांड्यात एक हस्तलिखित पत्रक लागते. उर्दू मजकूर उजवीकडून सुरू होतो, मराठी डावीकडून, आणि मध्ये जागेसाठी दोन्हीकडच्या संपादकांची भांडणे होतात. रोज काढणे आम्हाला जमले नाही, पंधरा दिवसांनी निघते. चुका पुष्कळ असतात. गाइडवाला मुलगा क्रिकेटवर लिहितो. दुसरे काही लिहायला तो तयार नाही, आणि आम्हीही आग्रह धरलेला नाही.

‘मिरातुल उरूस’वाल्या मुलीने ‘इस्लामी संस्कृति’ घरी नेले. तिचे अब्बा मोटारपंप दुरुस्त करतात, त्यांना मराठी वाचायला वेळ लागतो. इशाच्या नमाजनंतर ते तिला वाचायला बसवतात. एका दिवशी एकच पान होते, कारण मध्ये ते प्रश्न विचारतात आणि उत्तर आले नाही तर ती दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येते. दहावीनंतर हिला पुढे शिकवायचे की नाही, हे त्या घरात अजून ठरलेले नाही. नोंदवहीत पुस्तक परत करण्याची तारीख केव्हाच उलटून गेली आहे. आम्ही ते मागितलेले नाही.