भावविजयांची वाट

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातले शिरपूर अंतरिक्ष पार्श्वनाथासाठी प्रसिद्ध आहे. या देवाच्या संस्कृत स्तोत्रात सतराव्या शतकातले श्वेतांबर साधू भावविजय गणी यांनी स्वतःचीच कहाणी गुंफली आहे. देवाच्या स्तुतीत भक्ताचे चरित्र इतके मोकळेपणाने येणे तसे विरळाच.

भावविजय मूळचे साचोरचे. विजयदेवसूरींच्या परिवारात त्यांचे तारुण्य पायी विहारात आणि अभ्यासात गेले. अनवाणी चालायचे, गोचरीत, म्हणजे भिक्षेत, मिळेल ते घ्यायचे, पावसाळ्याचे चार महिने तेवढे एका जागी राहायचे. उत्तराध्ययनसूत्रावरची त्यांची वृत्ती विक्रम संवत 1689 मधली, म्हणजे विद्वान म्हणून नाव झालेले होते. पुढे डोळे गेले आणि पोथी व रस्ता दोन्ही एकदमच सुटले. विहार करणाऱ्या साधूला आंधळेपण इतरांपेक्षा जड जाते: पायाखालचा जीव दिसेना, तर पाऊल टाकायचे कसे?

गुरू पुढच्या विहाराला निघाले, भावविजय गुजरातेत पाटणला मागे राहिले. शिरपूरच्या देवाविषयी पद्मावती देवीचा दृष्टान्त झाल्यावर गुरुबंधू आणि श्रावक त्यांना सोबत घेऊन वऱ्हाडाकडे निघाले, असे परंपरा सांगते. देवीच्या दृष्टान्ताइतकेच महत्त्व या सोबत्यांना द्यायला हवे. गुजरातेतून वऱ्हाड म्हणजे तापी-पूर्णेच्या खोऱ्याने दिवसामागून दिवस चालणे, आणि तेही न दिसणाऱ्याला धरून. शिरपूरला मूर्तीसमोर स्तवन करताना दृष्टी परतली, असे स्तोत्र सांगते. संवत 1715 मध्ये त्यांनी मूर्तीची नव्या मंदिरात प्रतिष्ठा केली.

मूर्तीची जुनी कथाही बरे होण्याचीच आहे. एलिचपूरच्या राजाचा कोड एका जलाशयाच्या पाण्याने गेला. तिथली मूर्ती कोवळी वासरे जुंपलेल्या गाडीतून न्यायची, पण मागे वळून पाहायचे नाही, अशी अट होती. राजाने वळून पाहिले. गाडी पुढे गेली, मूर्ती अधांतरी राहिली. तेव्हा तिच्याखालून घोडेस्वार जात असे म्हणतात. आता जेमतेम कापड सरकते. राजाला नडले ते वळून पाहणे.

दिगंबर परंपरा हा इतिहास वेगळा सांगते आणि तिचाही या देवावर तितकाच जीव आहे. दोन्ही पंथांचा वाद 1929 मध्ये थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. 1981 मध्ये मंदिराला कुलूप लागले. दाराच्या झरोक्यातून दिसेल तेवढेच दर्शन उरले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च 2023 मध्ये दार उघडले. विशीत आत जाऊन आलेला यात्रेकरू तोवर साठी ओलांडून गेला होता.