स्टॉकहोमच्या तीन वास्तू आणि तीन तबकड्या

प्रवासाहून परतलेल्या माणसास ‘काय काय पाहिले?’ असे घरची मंडळी विचारतातच. स्टॉकहोमहून आल्यावर आम्ही ‘दोन देवळे आणि एक गाण्याचा अड्डा’ असे उत्तर दिले, तेव्हा राजवाडा पाहिला की नाही, अशी साहजिकच पृच्छा झाली. राजवाडा बाहेरून पाहिला. आमची ओढ होती ती निराळ्याच स्थळांकडे. १९७४ ते १९७६ या अवधीत प्रॉप्रियस या स्वीडिश कंपनीने ज्या तीन जागी तीन असामान्य ध्वनिमुद्रणे केली, त्या जागा आम्हांस डोळ्यांनी पाहावयाच्या होत्या. ध्वनियंत्रांच्या शौकिनांत या तबकड्यांचे नाव मोठे आहे. परंतु ख्याल, नाट्यपदे व भावगीते यांनी भरलेल्या आपल्याकडील कपाटांत त्या क्वचितच आढळतात.

त्यांपैकी एक, ‘जॅझ ॲट द पॉनशॉप’, आमच्या घरी कित्येक वर्षे होती, आणि तिच्याशी आम्ही फार अन्यायाने वागलो, हे आरंभीच कबूल केलेले बरे. पाहुणे आले की यंत्राचा थाट दाखविण्याकरिता तिचा पहिला तुकडा लावावयाचा, पेल्यांचा किणकिणाट ऐकून पाहुण्यांनी ‘वा!’ म्हणावयाचे, की लगेच तबकडी खोक्यात! पुढचे संगीत आम्ही कधी ऐकलेच नव्हते. घरातील वडील मंडळींस तर तो किणकिणाट म्हणजे निव्वळ व्यत्यय वाटे. पानगृहातील गाणे दिवाणखान्यात कशाला, हा त्यांचा आक्षेप.

प्रथम गेलो ते ऑस्करच्या चर्चमध्ये. १९०३ साली पूर्ण झालेली ही भव्य वास्तू शहराच्या सधन भागात, रुंद व झाडांनी भरलेल्या नार्वावेगन या रस्त्यावर उभी आहे. आपल्याकडे ‘ऑर्गन’ म्हटले की संगीत नाटकांतील पायाने भाता हलविण्याची पेटी डोळ्यांपुढे येते. येथला ऑर्गन म्हणजे हजारो नळ्यांचा प्रचंड वाद्यसंभार, डेन्मार्कच्या मार्कुसन या कारखान्याने १९४९ साली बांधलेला. १९७६ साली येथे तोर्स्टेन निल्सन यांच्या नेतृत्वाखाली ‘कांताते दोमिनो’ हे नाताळच्या गीतांचे वृंदगायन मुद्रित झाले. मुद्रक होते बेर्टिल आल्विंग. गायकांचा स्वर थांबला तरी वास्तूचा थांबत नाही. छताला लागून तो सावकाश उतरतो, हे तबकडीत स्पष्ट ऐकू येते. तेथे उभे राहून आम्ही हळूच खाकरून पाहिले, आणि तोच नाद परत आला. शेजारच्या बाईंनी वळून पाहिले, म्हणून प्रयोग तेवढ्यावरच आटोपला.

दुसरे स्थळ पाहण्यास भुयारी गाडीने तेन्स्ता येथे उतरावे लागते. खडक फोडून केलेल्या स्थानकातून वर आले की १९६० नंतरच्या दशकात घाईने उभारलेल्या एकसारख्या इमारती दिसतात. नाना देशांतून आलेली कुटुंबे येथे राहतात. भाजीच्या दुकानापाशी चार भाषा आमच्या कानांवर पडल्या, त्यांत स्वीडिश बहुधा नव्हती. तेथून पायी गेले की एकाएकी मोकळी जागा लागते आणि मध्ययुगात बांधलेले स्पोंगा चर्च समोर येते. १९७४ साली आर्ने दोमनेरुस या वादकाने सॅक्सोफोन व गुस्ताफ स्योक्विस्ट यांनी ऑर्गन घेऊन येथे ‘अँटिफोन ब्लूज’ वाजविले. अमेरिकेतील गुलामगिरीत पिचलेल्या कृष्णवर्णीयांची भक्तिगीते उत्तर युरोपातील जुन्या दगडी भिंतींत, शब्दांवाचून, केवळ फुंकीने आळविलेली! आम्हांस तिन्हींत ही तबकडी अधिक प्रिय झाली. सॅक्सोफोनचा एक सूर संपतो आणि दुसरा निघण्यापूर्वी वादकाचा श्वास ऐकू येतो, त्या अवकाशात चर्चची सारी शांतता भरलेली असते. विलंबित आलापीला सरावलेल्या कानास येथे परकेपणा वाटणार नाही.

शेवटी जुन्या शहरातील ‘स्टाम्पेन’. स्वीडिश बोलीत या शब्दाचा अर्थ गहाणवटीचे दुकान. पूर्वी येथे तसे दुकान होते. १९६८ पासून जॅझचा अड्डा झाला. गल्ली अरुंद, आणि आम्ही दुपारी गेलो तेव्हा दार बंद. परंतु बाहेरून जागेचा बेत पाहिला तेवढ्यानेही आमचा मोठा गैरसमज दूर झाला. मनात आम्ही एक विस्तीर्ण सभागृह बांधून ठेवले होते. ही तर आपल्याकडील घरगुती बैठकीच्या जातीची जागा! ६ व ७ डिसेंबर १९७६ रोजी येर्ट पाल्मक्रांट्स यांनी येथे मायक्रोफोन मांडले. त्यांच्या नाग्रा यंत्रावरील फितीचे रीळ पाव तासात संपे. म्हणून दोन यंत्रे ठेवून, एक संपण्याच्या आत दुसरे सुरू करावयाचे, अशी युक्ती होती. इतक्या लहान जागेत पेले वगळून केवळ वाद्ये टिपणे अशक्य होते, आणि तसे केले असते तर दोमनेरुस कोणापुढे वाजवीत आहेत तेच कळले नसते. आपल्या खाजगी मैफलींच्या जुन्या फितींतही पंख्याची घरघर व कोणाची तरी दाद असतेच; ती आपण कधी दोष मानली आहे काय?

घरी आल्यावर एका रविवारी ती तबकडी प्रथमच अथपासून इतिपर्यंत लावली. वडील मंडळी वर्तमानपत्र घेऊन बसली होती. लार्स एर्स्ट्रांड यांचे व्हायब्राफोन, म्हणजे धातूच्या पट्ट्यांचे वाद्य, सुरू झाले तेव्हा वर्तमानपत्र खाली आले. “हे जलतरंगासारखे काय रे वाजते?” असा प्रश्न आला. आम्ही वाद्याचे नाव सांगितले. “बरे, मग जरा मोठे कर,” अशी आज्ञा झाली, आणि पेल्यांविषयी त्या दिवशी कोणी काही बोलले नाही.