मुरलेल्या तारा

नव्या तारा चढवल्यावर पहिल्या दिवशी गिटारचा जो आवाज येतो तो तिचा खरा आवाज नव्हे, असं माझं ठाम मत आहे. हे मत खानवेलला राहायला आल्यावर बनलं. आधी राहत होतो त्या सांगलीच्या कोरड्या हवेत तारा महिनोन्‌महिने टिकायच्या, आवाज इतक्या सावकाश उतरायचा की उतरतोय हे कळायचंही नाही. इथे पावसाळ्यात तोच सगळा प्रवास काही आठवड्यांत आटोपतो, त्यामुळे त्याचा प्रत्येक टप्पा कानाला वेगळा ऐकू येतो.

खानवेल सिल्वासापासून वीसेक किलोमीटरवर, साकरतोड नदीच्या काठी. आजूबाजूला सागाचं जंगल, वारली आणि कोकणा लोकांचे पाडे. जून लागला की भिंतींना ओल येते, मीठ पाझरतं, देवघरातलं ताम्हण कितीही घासलं तरी चार दिवसांत काळवंडतं. या हवेत तांब्याचं काय होतं ते मला घरीही दिसतं आणि कामावरही. सिल्वासाच्या एका कारखान्यात मी तांब्याच्या सळईची गुणवत्ता तपासतो. आठ मिलिमीटरची सळई यंत्रातून बाहेर पडते तेव्हा तिचा रंग गुलाबी असतो, नव्या पाटीसारखी एकही रेघ नसलेली. तिच्यावर लगेच मेणाचा अगदी पातळ थर दिला जातो, कारण उघडं तांबं हवा आणि ओल लागताच रंग बदलू लागतं. ज्या गुंडाळीवर मेण नीट बसलेलं नसतं ती पावसाळ्यात गोदामात लगेच ओळखू येते. दिवसभर हे पाहून घरी आल्यावर गिटारच्या तारांकडे नुसतं वाजवणाऱ्याच्या नजरेनं पाहणं मला जमत नाही.

कारण त्या तारांवरही तांबंच आहे. सहापैकी वरच्या पट्टीच्या दोन तारा नुसत्या पोलादाच्या असतात. बाकीच्या चारांत आत पोलादाचा गाभा आणि त्यावर घट्ट वेटोळं घातलेली बारीक तार. हे वेटोळं बहुधा दोन प्रकारचं. एकात 80 टक्के तांबं आणि 20 टक्के जस्त. दुसरं फॉस्फर ब्रॉन्झचं, म्हणजे तांब्यात साधारण आठ टक्के कथील आणि किंचित फॉस्फरस. अमेरिकेतल्या डॅडारिओ कंपनीनं 1974 मध्ये ते गिटारसाठी आणलं. पहिला प्रकार नवा असताना जास्त खणखणतो आणि लवकर विझतो. दुसरा थोडा ऊबदार आणि जास्त टिकणारा. मी दोन्ही वापरले, आता दुसऱ्यावर स्थिरावलोय.

तारा चढवल्यावर पहिले काही तास सूर टिकत नाही. खुंटीवरचे वेढे आवळत जातात, घोडीपाशी तार आपली जागा धरते, आणि मधल्या काळात लावलेला सूर सारखा खाली घसरतो. बारा नंबरच्या संचात सहाही तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या घरात असतो, तो सावरायला वेळ लागणारच. या काळात वाजवलं की आवाजात एक झणझणीत चकाकी असते. सगळ्यांत जाड तार मोकळी छेडली तर तिचा मूळ सूर सेकंदाला 82 कंपनांचा, पण त्याच्या डोक्यावर दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनांचे वरचे सूर रांगेनं उभे असतात, आणि नव्या तारेत ते पार वरपर्यंत बराच वेळ जिवंत राहतात. ती चकाकी त्यांची. दुकानात गिऱ्हाईक भुलतं ते याच आवाजाला.

माझी अडचण अशी की मी वाजवतो ती बहुतेक बाबूजींची, म्हणजे संगीतकार सुधीर फडक्यांची गाणी. ते 1954 मध्ये दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात स्वतः उतरले होते. पोर्तुगीज शिपाई सिल्वासा सोडून मागे सरकले ते याच खानवेलच्या बाजूला, आणि 11 ऑगस्टला उधव्याला त्यांनी शरणागती पत्करली. इथे बसून बाबूजींच्या चाली वाजवताना ते मनात येतंच. त्यांच्या चालीत शब्द स्वच्छ ऐकू यायला हवा, सूर एकातून दुसऱ्यात ओघळायला हवा. नव्या तारांवर हे होत नाही. प्रत्येक आघात सुटा वाजतो, डाव्या हाताची बोटं सरकताना वेटोळ्यावर कर्कश चिरचिर होते, आणि गाणाऱ्याचा आवाज त्या चकाकीमागे झाकला जातो. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी कामावरचे चारदोन जण जमतात. तारा नव्या असल्या की गाणारा नकळत आवाज चढवून गातो, हे मी पुन्हापुन्हा पाहिलंय.

मग तार मुरते. वाजवून वाजवून टोकाचे सूर थोडे ओसरतात, मधले पुढे येतात, आस लांब राहते पण टोचत नाही. सगळ्या तारा एकदम छेडल्या तर एकेक तार ओळखू येते, आणि तरी सगळ्या मिळून एक आवाज होतो. हा टप्पा मला तारेच्या आयुष्यातला सर्वोत्तम वाटतो. सांगलीत तो लांबलचक होता. खानवेलला हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात ठीक असतो, पावसाळ्यात फार तोकडा.

पलीकडच्या पाड्यावरचे एक म्हातारे भगत कधीमधी ओट्यावर येऊन बसतात. त्यांच्याकडे घांगळी आहे. बांबूची दांडी, खाली दोन भोपळे, मेणात बसवलेले पडदे. पीक घरात आल्यावर धान्यदेवी कणसरीची कथा गाताना ती वाजते. एकदा मी तारा बदलल्या त्याच दिवशी ते आले. थोडं ऐकून म्हणाले, "नवी तार टाकली का? लय वाजते." बोलण्यात कौतुक नव्हतं. पुढच्या वेळी आले तेव्हा तारा मुरल्या होत्या. बराच वेळ ऐकल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "ही तीच का?" त्यांच्या घांगळीची तार किती जुनी हे मी विचारलं तर हसले. पण वाजवून झाल्यावर ते अंगावरच्या पंच्याच्या कोरड्या टोकानं तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून काढतात. एकदाही चुकत नाहीत.

पुसण्याचं कारण वेटोळ्यात आहे. तार हलते तेव्हा वेटोळ्याचे वेढेही एकमेकांशेजारी किंचित उघडतात-मिटतात. स्वच्छ असतील तर त्यांना अडथळा नाही. पण बोटांचा घाम, कातडीचे सूक्ष्म कण, धूळ त्या फटींत बसत जाते, आणि मग प्रत्येक कंपनात थोडं घर्षण होतं. या घर्षणाचा फटका आधी वरच्या सुरांना बसतो, कारण ती कंपनं सगळ्यांत जलद. खालचे सूर तरून जातात. म्हणून जुनी तार हळू वाजत नाही, बद्द वाजते. घामातलं मीठ तांब्यालाही खातं आणि पोलादालाही. प्रत्येकाचा घाम वेगळा. आमच्यातल्या एका मित्राच्या हाताखाली तारा माझ्यापेक्षा निम्म्या वेळात काळ्या पडतात.

दुसरी झीज तारेच्या खालच्या अंगाला असते, वरून दिसत नाही. गेल्या श्रावणात उतरवलेली तिसरी तार मी कामावरच्या भिंगाखाली धरली होती. जिथे जिथे ती पडद्यावर दाबली जायची तिथे वेटोळ्याला सपाट खाचा पडल्या होत्या, वरच्या तीन पडद्यांच्या जागी सगळ्यांत खोल. खाचांच्या कडेला हिरवट कळंक, आणि मधल्या फटींत राखाडी लगदा. भिंग नसलं तरी चालतं: तारेखालून नख सरकवलं की ते खाचेत अडकतं. अशा तारेचं वजन आणि जाडी सगळीकडे सारखी राहत नाही, म्हणून ती बेसूरही होते. बाराव्या पडद्यावर बोट नुसतं टेकवून निघणारा सूर आणि तिथेच तार दाबून निघणारा सूर एक यायला हवेत. नव्या तारेत ते एक येत असतील आणि पुढे येईनासे झाले, तर तार संपली असं समजावं.

काही जण जुन्या तारा पाण्यात उकळतात. मीही करून पाहिलंय. फटींतला मळ निघतो, आवाज थोडा उजळतो, पण खाचा भरत नाहीत आणि उजाळा फार टिकत नाही. त्यापेक्षा वेष्टणाच्या तारा बऱ्या. गोर कंपनीनं 1990 च्या दशकात एलिक्सर नावानं आणलेल्या तारांवर पॉलिमरचा बारीक पापुद्रा असतो, तो घाम फटींत जाऊ देत नाही. कारखान्यातल्या मेणाचीच ही युक्ती. त्या साध्या तारांपेक्षा बऱ्याच महाग पडतात, पण खानवेलच्या पावसाळ्यात पैसे वसूल होतात. पहिल्या दिवसाची चकाकी त्यांत थोडी कमी असते, आणि माझ्या दृष्टीनं तो त्यांचा गुणच आहे.

जुन्या तारांचे भक्तही आहेत. मोटाऊन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचा बास वादक जेम्स जेमरसन तार तुटेपर्यंत बदलत नसे म्हणतात, आणि त्याचा तो जाड, दबका ठेका जगभर गाजला. पण त्याचं वाद्य बास होतं, विजेवरचं, आणि काम खरजात ठेका धरण्याचं. सहा तारांच्या लाकडी गिटारला गाण्याखाली सुरांची सावली धरायची असते. तिथे बद्द तार चालत नाही. मिरजेच्या तंबोऱ्याची गोष्टही तशीच. जवारी कितीही सुरेख लावलेली असो, तार मळली की तिच्यातला गुंजारव बसतो.

तेव्हा गिटार वाजवणाऱ्यांना, विशेषतः कोकणात, गोव्यात आणि आमच्यासारख्या पावसाळी भागात राहणाऱ्यांना, माझं सांगणं असं आहे. वाजवण्याआधी हात धुऊन कोरडे करा. वाजवून झाल्यावर प्रत्येक तार सुती फडक्यानं वरून आणि खालून पुसा. खालची बाजू बहुतेक जण सोडून देतात. कार्यक्रम असेल तर त्याच दिवशी तारा बदलू नका, चारपाच दिवस आधी बदला आणि रोज वाजवा. एकच तार तुटली आणि बाकीच्या मुरलेल्या असल्या, तरी संच पूर्ण बदला, नाहीतर ती एक नवी तार सगळ्यांवर ओरडत राहते. आणि पावसाळ्यात गिटार भिंतीला टांगून ठेवू नका; पेटीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. पुडी दर पंधरवड्याला बदलावी लागते.