टाचणवही

मार्चच्या अखेरीस चंदीगडच्या सेक्टर २२ मधल्या बाजारातून मी एक लांबट हिशेबवही विकत आणली आणि तिच्या पहिल्या पानावर बारा महिन्यांचे बारा रकाने आखले. माझी नऊ वर्षांची मुलगी येत्या वर्षी शाळेत जाणार नव्हती. वर्षभर तिला घरीच शिकवायचे, एवढे आम्ही दोघांनी ठरवले होते. काय शिकवायचे, केव्हा, आणि कोणत्या भाषेत, हे अजून त्या रकान्यांत भरायचे होते.

नवऱ्याच्या बदलीमुळे साताऱ्याहून इथे येऊन आम्हाला दोन वर्षे झाली होती. घरी मराठी, वर्गात इंग्रजी, मधल्या सुट्टीत हिंदी आणि संध्याकाळी खाली खेळायला गेले की पंजाबी. आरंभी ती चारही भाषा एका वाक्यात कालवून बोलत असे आणि आम्ही कौतुकाने हसत असू. मग ती वर्गात बोलेनाशी झाली. शाळेला दोष देण्यात मला रस नाही. चाळीस मुलांच्या वर्गात एक गप्प मूल ही सोयीचीच गोष्ट असते. पण पुढे घरीही ती मानेनेच हो-नाही म्हणू लागली, तेव्हा मी घाबरले. डॉक्टरांनी कान तपासले, घसा तपासला आणि म्हणाले, तिला थोडा वेळ द्या. वेळ देणे म्हणजे नेमके काय द्यायचे असते, हे मात्र त्यांनी सांगितले नाही.

सर्वांत मोठा विरोध झाला तो सासऱ्यांचा. नाना माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांतून छत्तीस वर्षे मास्तर होते. मेंढरांमागे जाणारी मुले पटावर यावीत म्हणून ते धनगरांच्या वाड्यावस्त्या पायी तुडवत. कुणाची थोरली मुलगी धाकट्याला सांभाळायला घरी राहिली, तर त्या धाकट्यालाही वर्गात आणून बसवत. फोनवर ते एवढेच म्हणाले, "अगं, जन्मभर मी घरातली पोरं शाळेत नेली. आणि आता माझीच नात शाळेतून घरात?"

या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर आजही नाही. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींसाठी जो उंबरठा घातला, तो ओलांडायला माझ्या घराण्याला पुढची शंभर वर्षे लागली. माझ्या आजीने शाळा आतून पाहिली नव्हती. ज्या दारासाठी इतक्या बायकांनी शेणमाती झेलली, त्या दारातून मी मुलीचे बोट धरून उलटी बाहेर पडत होते.

तरी मी वाद घातला. पंडिता रमाबाईंचे उदाहरण दिले. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि त्यांच्या उतारवयात लक्ष्मीबाईंनी लेकीला शिकवले. शाळा कधी न पाहिलेली ही मुलगी दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावून, भावाबरोबर देशभर पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली, तेव्हा तिथल्या विद्वानांनी तिला 'पंडिता' म्हटले. नानांनी सगळे ऐकून घेतले. "लक्ष्मीबाईंच्या लेकीला शाळेचं दार उघडंच नव्हतं," ते म्हणाले. "तुझ्या लेकीला आहे." मग मी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कोसबाडच्या कुरणशाळेकडे वळले. गुरे सोडून मुलांना येता येईना, म्हणून तिथे शाळाच कुरणात गेली होती. यावर मात्र नाना थोडे थांबले. कुरणशाळा त्यांना ठाऊक होती. मेंढरांमागच्या मुलांसाठी तसे काही करावे, असे त्यांच्याही मनात कधीकाळी असावे.

कायद्याचीही बाजू होती. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य मानतो. न घातल्यास पालकाला शिक्षा मात्र सांगत नाही. शाळा सुटलेल्या मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळावा, अशीही त्यात तरतूद आहे. म्हणजे परतीची वाट होती. तिच्याच आधारावर मी एका वर्षापुरते बोलत होते.

आठवड्याने टपालाने एक पुडके आले. आत नानांच्या जुन्या टाचणवह्या होत्या. खाकी पुठ्ठा, शाईच्या फिकटलेल्या ओळी, आणि दर आठवड्याखाली मुख्याध्यापकांची सही. वार्षिक नियोजन, मासिक नियोजन, घटक, उपघटक, तासिका, शैक्षणिक साहित्य. या शेवटच्या रकान्यात कुठे 'चिंचोके', कुठे 'ज्वारीची ताटे', आणि एके ठिकाणी 'ओढ्याचे पाणी (असल्यास)'. सोबत चिठ्ठी नव्हती. त्या रात्री मात्र त्यांचा फोन आला. "कामाचे दिवस किती धरलेस?" मी विचारच केला नव्हता. "पाचवीपर्यंत दोनशे दिवस. आठशे तास. कायद्यातच आहे. म्हणजे रोजचे चार तास झाले. लिहून घे." त्यांनी संमती दिली असे मी म्हणणार नाही. त्यांनी फक्त दिवस मोजून दिले.

मग मी रकाने भरायला बसले. आपल्याकडे शाळेचे वर्ष पहिल्या पावसाबरोबर उघडते. इथे ते एप्रिलमध्ये, ऊन चढत असताना सुरू होते. म्हणून पहिल्या महिन्यात सकाळी लवकर बागा, मे-जूनमध्ये अमलताश फुलला की झाडांची नावे. पावसाळ्यात सेक्टर १० चे संग्रहालय : फाळणीनंतर लाहोरहून हिश्शाला आलेली गांधार शिल्पे तिथे आहेत, आणि एका वस्तुसंग्रहाची वाटणी कशी होते हा इतिहासाचा चांगला धडा ठरेल असे मला वाटले. हिवाळ्यात सुखना तलावावर येणारे पक्षी. डिसेंबर-जानेवारीत धुके, म्हणून घरात वाचन. पान इतके भरले की समासही उरला नाही. चार दिवसांनी ते पुन्हा वाचताना ध्यानात आले, की मराठी मी रोज संध्याकाळी पाच वाजता टाकली आहे. सगळे आटोपल्यावर, मूल पेंगुळल्यावर. जिच्या मुकेपणासाठी हा सारा खटाटोप, तिला तिची स्वतःची भाषा मी उरलेल्या वेळात देऊ केली होती. तरी मी ते पान बदलले नाही. आखलेले मोडवत नाही, हा माझा स्वभाव. या शहरात तो आणखी पक्का झाला असावा.

पहिले दोन आठवडे सपशेल फसले. ती टेबलाशी येऊन बसे, सांगितलेले लिही, आणि घड्याळाकडे पाही. मी शाळाच घरी आणली होती, फक्त मधली सुट्टी वगळून. एका रविवारी आम्ही तिला नेकचंदांची रॉक गार्डन दाखवायला नेले. सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या या रस्ते-निरीक्षकाने फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि दगडगोटे गोळा करून, कुणालाही न सांगता, कित्येक वर्षे सरकारी जंगलात हे राज्य उभारले. १९७६ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. मी तिला हे सांगत होते आणि ती बांगड्यांच्या बाहुल्यांना हळूच बोट लावून पाहत होती. त्या दिवशीही ती काही बोलली नाही. मी वहीत 'परिसर अभ्यास, तीन तास' अशी नोंद केली.

संग्रहालयात जाण्याआधी दिशा कळाव्यात म्हणून मी शहराचा नकाशा भिंतीवर लावला होता. ल कॉर्ब्युझिएच्या आराखड्यातला एक सेक्टर साधारण आठशे मीटर रुंद आणि बाराशे मीटर लांब. त्याला फेरी घातली की चार किलोमीटर, असे एक उदाहरणही मी त्यावरून तयार केले होते. ते तसेच राहिले. एका सकाळी मी भाजी निवडत असताना मागून आवाज आला, "आई, सतरा और नौ छब्बीस. सोळा आणि दहापण छब्बीस."

मी वळून पाहिले नाही. वळले तर ती थांबेल अशी भीती वाटली.

सेक्टरांचे आकडे नागमोडी लावलेले आहेत, एक ओळ उजवीकडे जाते तर पुढची डावीकडे परतते. त्यामुळे समोरासमोरच्या सेक्टरांची बेरीज तेराच्या पटीत येते. चार आणि नऊ तेरा, नऊ आणि सतरा सव्वीस, सतरा आणि बावीस एकोणचाळीस. मजा अशी, की मूळ आराखड्यात तेरा क्रमांकाचा सेक्टरच नव्हता. अपशकुनी म्हणून गाळला असे सांगतात. २०२० मध्ये तो क्रमांक मनीमाजऱ्याला मिळाला. चंदीगडमध्ये ही बेरीज अनेकांना ठाऊक आहे, पण तिला ती कुणी सांगितली नव्हती. तिने ती नकाशासमोर गप्प बसून शोधली होती.

"पण आपल्याकडे बिघडतं," ती म्हणाली. "बावीस आणि पस्तीस सत्तावन."

खरेच बिघडत होते. आम्ही दोघी चपला घालून निघालो, दक्षिण मार्ग ओलांडला, आणि पस्तिसात जाऊन पाटी वाचून आलो. मधल्या काळात भाजी निवडायची तशीच राहिली.

रात्री नानांना फोन लावला आणि तिच्याच हातात दिला. ती आधी अडखळली. मग हिंदी आकडे आणि मराठी वाक्ये मिसळून सगळे सांगितले. मी तिला दुरुस्त करायला तोंड उघडले आणि मिटले. पलीकडे नानांनी कागद घेतला असावा.

"पस्तिसाच्या पलीकडं कुठला?" त्यांनी विचारले.

"त्रेचाळीस."

"मग?"

ती ओठ हलवत राहिली. "अठहत्तर," ती म्हणाली, आणि मग ओरडलीच, "तेरह छक्के अठहत्तर! आबा, परत जमलं!"

"तेरा सक अठ्ठ्याहत्तर," नाना हळू आवाजात म्हणाले. ती चुकली म्हणून नव्हे, तिच्याबरोबर म्हणावे तसे. "आता त्रेचाळिसाच्या पुढचा सांग."

ती नकाशाकडे पळाली.