मावशींचा रविवार

रविवारी डोंबिवलीत भांडी जास्त पडतात. आठवडाभर डब्यावर काढणारी माणसं त्या दिवशी घरी जेवतात. सकाळी पोहे, दुपारी मटण किंवा मसालेभात, संध्याकाळी कुणी ना कुणी पाहुणे. रामनगर, टिळकनगर, मानपाडा रोड, थेट शिळ रस्त्यावरच्या पलावापर्यंत सगळीकडे हेच. म्हणून पाथर्ली, त्रिमूर्तीनगर, दत्तनगरातून निघणाऱ्या आणि दिव्याहून लोकलनं येणाऱ्या, धुणं-भांडी, केर-फरशी करणाऱ्या बायकांचा आठवड्यातला सगळ्यात जड दिवस रविवार. सगळं शहर विसावतं ते त्यांच्या जिवावर.

आमच्याकडे येणाऱ्या मावशी परभणीकडच्या. पावसाळा लागला की त्यांच्या पायांना चिखल्या होतात. दिवसभर या मोरीतून त्या मोरीत, साबणाच्या पाण्यात उभं राहायचं, मग दुसरं काय होणार? त्या बोटांच्या बेचक्यांत मेंदीचा लगदा भरतात. श्रावणात त्यांच्या पायांकडे पाहावं, तर मंगळागौरीला नटून आलेल्या नवरीसारखे रंगलेले दिसतात. जवळून पाहिलं की कातडी फाटलेली दिसते. त्याच पायांनी त्या जिने चढतात, कारण कित्येक इमारतींत कामाला येणाऱ्या बायकांनी लिफ्ट वापरलेली चालत नाही.

आणि स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेलं कॅलेंडर. दुधाचा हिशेब, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख आणि मावशींचे खाडे, सगळं त्याच चौकोनांत. दोन खाडे माफ, तिसऱ्यापासून पैसे कापायचे, हा कितीतरी घरांतला अलिखित कायदा. ताप येऊन पडल्या तरी खाडा, गावी कुणी वारलं तरी खाडा. त्या चौकोनांत हक्काची सुट्टी कुठेच नसते.

या चौकोनांसाठी आयुष्य वेचलेल्या एका बाईविषयी मला लिहायचं आहे. सिस्टर जीन देव्होस. जन्म १९३५चा, बेल्जियममधल्या एका खेड्यातला. मरियेच्या निष्कलंक हृदयाच्या मिशनरी भगिनी या संघात त्या व्रतस्थ झाल्या आणि १९६३ साली भारतात आल्या. त्यांचा हा संघ मूळचा युरोपातलाही नव्हे. मारी-लुईझ द मेस्टर नावाच्या बेल्जियन धर्मभगिनीनं तो १८९७ साली भारतातच, कन्याकुमारीजवळच्या मुळगुमूडु या गावी सुरू केला. सिस्टर जीन सुरुवातीला तामिळनाडूत होत्या. तिथेच घरकाम करणाऱ्या मुली आणि बाया त्यांच्या नजरेला पडल्या. मग त्या मुंबईला आल्या आणि १९८५च्या सुमारास त्यांनी या बायकांची चळवळ उभी केली. नॅशनल डोमेस्टिक वर्कर्स मूव्हमेंट हे तिचं नाव. आज ती देशातल्या अनेक राज्यांत पसरली आहे.

नन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे निळ्या काठाची पांढरी साडी येते, मदर तेरेसांच्या भगिनींची. भायखळ्याच्या त्यांच्या आशादानात टाकून दिलेली मुलं आणि कुणी न उरलेली माणसं यांचं जे केलं जातं, त्यापुढे मान लवते. ज्याला आज, आत्ता अंथरूण हवं आहे, त्याला कायद्याची गोष्ट सांगून भागत नाही. पण सिस्टर जीन ज्यांच्यासाठी उभ्या राहिल्या त्या बाया अंथरुणाला खिळलेल्या नव्हत्या. त्या धडधाकट होत्या, पहाटे उठून पाच-सहा घरची कामं ओढत होत्या, आणि तरीही गरीब होत्या. अशा गरिबाला वाटीभर भात वाढून काय साधणार? तिच्या कामाचा नीट दाम, आजारपणाची रजा, म्हातारपणाची सोय आणि आठवड्यातून एक दिवस, एवढं तिचं तिला मिळायला हवं. ते मिळवायला दहा जणींना एकत्र बसवावं लागतं, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या घरात एकेकट्या राबणाऱ्या बायकांना एकत्र बसवणं हे फार अवघड काम आहे. गिरणीच्या भोंग्याला हजारो कामगार एका दारातून बाहेर पडत. घरकामाला भोंगा नाही आणि एक दारही नाही. सिस्टर जीन यांनी त्या बायकांना दार उघडून दिलं, बसायला जागा दिली आणि बोलायला त्यांनाच पुढे केलं. मला त्यांची सेवा दिसते ती इथे.

महाराष्ट्राला हा विचार अगदी परका नव्हता, हेही सांगायला हवं. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता. आजारपणामुळे कामावर न आलेल्या एकीला काढून टाकलं, एवढं निमित्त झालं आणि शेजारपाजारच्या बायकांनी हातातली कामं टाकली. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. लीलाताई भोसले यांच्यासारख्या कार्यकर्त्या लाल निशाणाखाली जे करत होत्या, तेच थोड्या वर्षांनी एक धर्मभगिनी गळ्यातल्या क्रुसासह करू लागली. दोन्हीकडच्या माणसांना एकच चूल दिसली होती.

धर्मभगिनीला ती दिसावी याचं मला नवल वाटत नाही.  पुष्कळ कॉन्व्हेंटमध्ये झाडलोट, धुणं, स्वयंपाक पाळीपाळीनं वाटून घेतलेलं असतं. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं घेतलेली बाई, ती शाळेची मुख्याध्यापिका का असेना, पाळी आली की भांडी घासते. आणि तिच्या धर्माच्या मध्यावर तर प्रत्यक्ष धुणंच आहे. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूनं कमरेला रुमाल गुंडाळला, घंगाळात पाणी घेतलं आणि शिष्यांचे पाय धुतले. त्या काळी हे काम घरच्या दासाचं होतं. दर पवित्र गुरुवारी चर्चमध्ये धर्मगुरू वेदीपुढे बसवलेल्या बारा जणांचे पाय धुतात ते याची आठवण म्हणून. ठाण्याच्या तलावपाळीवरच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये धुतात, वसईच्या गावागावांत धुतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली नियम बदलला आणि त्या बारांत बायकांनाही बसता येऊ लागलं. तोवर पाय धुण्याच्या विधीच्या नियमात बाईचे पाय नव्हते, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले होते.

आपल्याकडे जनाबाई आहे. गंगाखेडची पोर, नामदेवांच्या घरची दासी. ती दळायला बसली की विठ्ठल खुंट्याला हात लावतो, तिनं काढलेला केर भरतो, तिचे केस विंचरतो. पंढरीच्या राण्याला हे काम हलकं वाटलं नाही. मावशींचं माहेर गंगाखेडच्याच बाजूला आहे, आणि जनीच्या ओव्या त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. त्या फरशी पुसताना म्हणतात. तेव्हा मला वाटतं, विठ्ठलानं दळण दळलं ते जनी एकटी दमत होती म्हणून. देवाला तिचं दमणं दिसलं. दमलेल्या बाईचं दमणं दिसणं हीच तर पहिली गोष्ट, आणि त्या बेल्जियन बाईनं ती केली.

विसाव्याचा दिवस हा तर तिच्या धर्मग्रंथातच लिहिलेला आहे. दहा आज्ञांमधली विसाव्याच्या दिवसाची आज्ञा नीट वाचली तर ती फक्त घरधन्याला नाही. त्या दिवशी तुझ्या दासानं आणि दासीनंही काम करायचं नाही, असं त्यात स्पष्ट आहे. गुराढोरांनाही सुट्टी आहे. हजारो वर्षांपूर्वी ही आज्ञा मिळालेल्या, वाळवंटातून चाललेल्या लोकांना मोलकरणीची सुट्टी आठवली होती. रविवारी सकाळी मिस्साला जाणाऱ्या धर्मभगिनीला, त्याच वेळी कुणाच्या तरी घरी भांडी घासणारी बाई आठवत राहावी, यात मला त्या आज्ञेचं खरं पालन दिसतं.

आणि आपला रविवार तरी आपल्याला कुणी दिला? नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ते ठाण्याचे, म्हणजे १८४८ साली जन्मले ते ठाण्यात. जोतीराव फुल्यांचे सहकारी, दीनबंधूचे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि सतत झगडून १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळवली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तो मोकळा हवा, असंही त्यांचं सांगणं होतं. खंडोबाचा वार आणि प्रभूचा वार एकाच दिवशी यावेत, हा योग मला फार आवडतो. ठाण्याच्या त्या माणसानं मिळवलेला दिवस गिरण्यांतून कारखान्यांत, कचेऱ्यांत, शाळांत आला. घराच्या मोरीपर्यंत मात्र तो सव्वाशेहून जास्त वर्षांत पोचला नाही.

सिस्टर जीन यांच्या चळवळीनं तो पोचवायचा ध्यास घेतला. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला बंदी घालणारी अधिसूचना १० ऑक्टोबर २००६ पासून लागू झाली. त्यासाठी झटणाऱ्यांत ही चळवळ होती. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याच्या आधीच्या मसुद्यात घरकाम करणाऱ्या बायका वगळलेल्या होत्या. २०१३ साली कायदा आला तेव्हा त्या आत होत्या, आणि आपलं राहतं घर हेही कामाचं ठिकाण ठरलं. या एका ओळीचं मोल ज्या बाईला संध्याकाळी रिकाम्या फ्लॅटमध्ये एकटीनं काम करावं लागतं तिला विचारावं.

सगळ्यात मोठा दिवस १६ जून २०११. जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेच्या शंभराव्या अधिवेशनात घरकामगारांसाठीचा १८९ क्रमांकाचा करार मतदानाला आला. बाजूनं ३९६, विरोधात १६, तटस्थ ६३. निरनिराळ्या देशांतल्या घरकाम करणाऱ्या बायका तिथे हजर होत्या. ज्यांच्याविषयी ठराव होता त्याच तो होताना पाहत होत्या. त्या कराराच्या दहाव्या कलमात आठवड्यातून सलग २४ तासांची विश्रांती लिहिलेली आहे. भारतानं बाजूनं मत दिलं, पण कराराला मान्यता अजून दिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्र सरकारला सांगितलं की घरकामगारांसाठी कायद्याची चौकट करता येईल का हे पाहायला समिती नेमा. याला उशीर म्हणायचं की सुरुवात, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला तरी सिस्टर जीनसारख्या बाईची चाळीस वर्षं त्या आदेशामागे उभी दिसतात.

घरेलू कामगार मंडळाकडच्या नोंदणीची किंमत आपल्याला करोनात कळली. मार्च २०२० मध्ये सोसायट्यांची फाटकं बंद झाली आणि या बायका रातोरात बाहेर राहिल्या. काही घरांनी पगार दिला, पुष्कळांनी दिला नाही. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये राज्य सरकारनं घरेलू कामगारांना दीड हजार रुपये जाहीर केले, पण ते नोंदणी असलेल्यांना. ज्यांच्याकडे मंडळाचं ओळखपत्र होतं त्यांना आधार मिळाला. ज्या आयुष्यभर राबल्या पण कुठल्याच वहीत ज्यांचं नाव नव्हतं, त्या तशाच राहिल्या. आमच्या मावशी त्यांपैकी एक.

नोंदणी अवघड नाही. वय १८ ते ६०, आधार कार्ड, फोटो, अर्ज आणि ज्या घरी काम करते तिथल्या मालकाचा दाखला. हा दाखला म्हणजे दोन ओळींचा कागद: अमुक बाई माझ्याकडे घरकाम करतात. पण इथेच हात आखडतात. उद्या ही काही मागायला लागली तर? कोर्टात खेचलं तर? मी हे प्रश्न चांगल्या शिकलेल्या, एरवी उदार बायकांकडून ऐकले आहेत. त्या मावशींना दिवाळीला साडी देतात, मुलीच्या पुस्तकांना पैसे देतात, आजारपणात डॉक्टरकडे नेतात. फक्त कागदावर सही करायची म्हटली की थबकतात. दिलेली साडी ही आपली मर्जी असते, सही केली की तिचा हक्क होतो, आणि मर्जी सोडणं जड जातं. हे मी दोष काढायला म्हणत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, ती एका कागदानं सुटत नाही. पण सुटायला हवी.

मावशींना दाखला मी दिला, आणि आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी हवी तेही विचारलं. मला वाटलं, त्या सोमवार म्हणतील. त्या म्हणाल्या, “रविवारच द्या ताई, पोरीला शाळा नसते.” आमच्या घरात त्यावरून थोडी कुरकुर झाली, मग कामाच्या पाळ्या लागल्या. त्यांच्या बाकीच्या घरांना सुट्टीचं पटायला वेळ लागला. दोन घरी अजून पटलेलं नाही, तिथे त्या रविवारी दुपारपर्यंत जातात.

आता त्यांच्या चाळीतल्या बायका अर्ज घेऊन माझ्याकडे येतात. मी तो भरून देते आणि ज्या घरचा दाखला अडला असेल तिथल्या बाईंना फोन करते. कायदा काय आहे, काय नाही, दाखला दिल्यानं काय होतं, काय होत नाही, हे शांतपणे सांगते. बऱ्याच जणी ऐकतात. ज्या ऐकत नाहीत त्यांना पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन करते.